शिरस्तेदार ॲडमिन

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरून कुणाचा मेसेज नुसता काढला जात नाही. काढल्यापाठोपाठ हुकूम येतो. परवाचाच बघा : ‘आज सकाळी ६.१२ वाजता बी-३०२ यांनी टाकलेले गुलाबाचे छायाचित्र नियम ४ अन्वये काढण्यात आले आहे. गुलाबाबद्दल आक्षेप नाही. गुलाब चांगला होता. बी-३०२ यांना खासगी निरोपाने कारण कळवले आहे. सदर निर्णय मान्य नसल्यास सात दिवसांत अपील करता येईल.’

एका गुलाबामागे एवढी शाई! बरं, बी-३०२च्या वहिनींनी खरंच अपील केलं तर ते चालतंही. तारीख पडते. पार्किंगमध्ये स्कूटरच्या रांगेपलीकडे प्लास्टिकच्या दोन खुर्च्या मांडल्या जातात आणि आमचे ॲडमिन काका म्हणतात, "आपलं म्हणणं मांडा." वहिनी म्हणतात, "अहो काका, म्हणणं कसलं त्यात, बोट लागून गेला." काका वहीत लिहितात : ‘अपीलकर्त्या हजर. बोट लागल्याचे सांगतात. ग्राह्य. फुलास पुनश्च परवानगी नाही. प्रकरण निकाली.’ वहिनी हसू दाबत लिफ्टकडे जातात आणि काका पुढचं काम पुकारतात. पुढचं काम बहुतेक वेळा कुणाचं नसतं, पण पुकारल्याशिवाय ते उठत नाहीत.

साताऱ्यात आमची सोसायटी. दोन विंग, अठ्ठेचाळीस फ्लॅट, गच्चीवर गेलं की समोर अजिंक्यतारा. ग्रुपवर मात्र शंभरावर माणसं, कारण बहुतेक घरांतून नवरा, बायको आणि पुण्याला नोकरीला गेलेला मुलगा असे तिघं आहेत. एकांचा मुलगा कॅलिफोर्नियात असतो. त्याचं ‘शुभ रात्री’ पोचतं तेव्हा आमच्याकडे भाजी फोडणीला पडलेली असते. ते शुभ रात्रीत मोजायचं की सुप्रभातीत, यावर काकांनी दोन दिवस विचार करून ‘पाठवणाऱ्याच्या ठिकाणची वेळ धरावी’ असा निर्णय दिलेला आहे. काढला दोन्ही परिस्थितीत असताच, पण कोणत्या पोटनियमाखाली काढला हे स्पष्ट व्हायला नको?

काका दिवाणी कोर्टातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. सोसायटीत त्यांचं नाव फार कमी लोकांना माहीत आहे. सगळे ‘शिरस्तेदार’ म्हणतात, तोंडावर ‘काका’. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात दोन पेनं. निळं मजकुराला, लाल शेऱ्याला. फोन रेक्झिनच्या पाकिटात, आणि टाइप करायचं ते उजव्या हाताच्या तर्जनीने. अंगठ्याने लिहिणं त्यांना पटत नाही. "कोर्टात अंगठा लावणाऱ्याला आधी मजकूर वाचून दाखवावा लागतो," ते म्हणतात, "इथे लोक न वाचताच अंगठा लावतात, वर पुढे ढकलतात."

असा माणूस तुमच्याकडेही असेल. नातेवाइकांच्या ग्रुपात ती एखादी आत्या असते, ‘कुलदैवत’ ग्रुपवर फक्त कुलदैवताबद्दलच बोला म्हणून दरडावणारी. शाळासोबत्यांच्या ग्रुपात तो पूर्वीचा वर्गाचा मॉनिटर असतो, फळ्यावर बोलणाऱ्यांची नावं लिहिणारा. पण हे लोक नुसते ओरडतात. काका ओरडत नाहीत. काका कारण देतात, आणि ते जास्त त्रासदायक असतं.

ग्रुप त्यांनी काढलेलाच नाही. पाण्याच्या टंचाईत टँकर कधी येतो ते कळावं म्हणून ए-२०४ मधल्या एका तरुणाने तो सुरू केला. २०१७ मध्ये तो हिंजवडीला गेला आणि जाताना कुणालाही ॲडमिन न नेमता ग्रुपमधून बाहेर पडला. एकुलता एक ॲडमिन असा निघून गेला की व्हॉट्सॲप आपणच कुणातरी सदस्याला त्या जागी बसवतं. त्या दिवशी त्याचं बोट काकांवर पडलं. काका तोवर फोनचा उपयोग फोन करायला आणि पंचांग बघायला करत. पडद्यावर ‘तुम्ही आता ॲडमिन आहात’ असं वाचून ते हादरले, आणि मग त्यांना पहिला प्रश्न पडला तो चार्जचा. "कार्यभार दिला कुणी? यादी कुठे आहे?" हिंजवडीच्या मुलाला त्यांनी तीन वेळा फोन केला. शेवटी कंटाळून त्याने लिहून पाठवलं, ‘मी सदर ग्रुपचा कार्यभार सोडला आहे.’ काकांनी पोवई नाक्यावर जाऊन त्याची प्रिंट काढली आणि वर लाल पेनाने लिहिलं, ‘निशाणी १’.

कोर्टात दाखल झालेल्या प्रत्येक कागदाला निशाणीचा नंबर पडतो. काकांच्या राज्यात तो स्क्रीनशॉटलाही पडतो. भांडण होऊन कुणी त्यांना खासगीत स्क्रीनशॉट पाठवला की उत्तर येतं, ‘निशाणी ४३ म्हणून दाखल. दुसऱ्या बाजूस नक्कल दिली आहे.’ हे दुसऱ्या बाजूस नक्कल देणं भल्याभल्यांना महागात पडलेलं आहे. चहाड्या सांगायची आमच्या सोसायटीची जुनी परंपरा या एका वाक्यानं बुडाली.

नियम अकरा आहेत. काकांनी ते एकदम लादले नाहीत. मसुदा टाकला, हरकती व सूचनांसाठी तीस दिवसांची मुदत दिली. एकच हरकत आली, निवृत्त शिक्षिका असलेल्या ए-३०१च्या बाईंची : ‘निर्णय’मधली पहिली वेलांटी चुकली आहे. ती ग्राह्य धरून नियम लागू झाले. चौथा शुभेच्छांचा. पाडवा, दसरा, दिवाळी आणि वाढदिवस सोडून बाकी फुलं, सूर्योदय, वाफाळता चहा यांना बंदी. सातवा जाहिरातींचा. नववा शांततेचा : रात्री दहा ते सकाळी सहा काही टाकायचं नाही, ‘पाणी, आग, साप व आजारपण वगळून’. पावसाळ्यात आमच्या पार्किंगमध्ये साप निघतो, म्हणून साप. एकदा काकांनी स्वतःच दहा वाजून चार मिनिटांनी मीटर-रीडिंगबद्दल लिहिलं आणि दुसऱ्या दिवशी स्वतःला एक दिवसाची बोलण्याची बंदी केली. दिवसभर ग्रुपवर सामसूम होती. का, ते कुणालाच कळेना, कारण ते सांगण्याचीही त्यांना बंदी होती.

आणि ती वही. फुलस्केप, कापडी पाठीची, लाल कडांची. बाहेर ‘रोजनामा’ असं लिहिलेलं. आत रकाने पाडलेले : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, मजकूर थोडक्यात, नियम, कारण, अपील, शेरा. कुणालाही कधीही येऊन बघता येते. काकूंनी दार उघडायला वेळ लावला नाही तर. ‘मजकूर थोडक्यात’ हा रकाना मराठी गद्याचा नमुना आहे. ‘गरम पाण्यात लिंबू. दावा मोठा.’ ‘युनेस्को, पुन्हा.’ ‘विनोद. बायकोविषयी. जुना.’

खरं सांगायचं तर वैताग येतो. माझा एक चांगला विनोद त्यांनी काढला आणि मग जिन्यात गाठून तो का चांगला होता आणि तरीही का चालणार नव्हता हे वीस मिनिटं समजावलं. माझ्या हातातलं आइस्क्रीम विरघळत होतं. मी म्हणालो, "काका, गपचूप काढून टाकायचा ना. कुणाला कळणार होतं?" त्यांनी चष्मा काढला. चष्मा काढला की ते कोर्टात जातात. "तीस वर्षं हरलेली माणसं पायऱ्या उतरताना बघितलीत," ते म्हणाले. "हरलो असं फार थोडे म्हणतात. माझं ऐकलंच नाही, असं म्हणतात. ज्याचं ऐकून घेतलेलं असतं तो शिव्या देत का होईना, घरी जातो. ज्याचं ऐकलेलं नसतं तो घरी जात नाही. तो वरच्या कोर्टात जातो, नाहीतर भावाच्या बांधावर जातो." मग चष्मा लावून त्यांनी माझ्या आइस्क्रीमकडे बघितलं आणि "वितळलं का?" असं विचारलं.

२०२२ पर्यंत ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज काढताच येत नव्हता. ज्याने टाकला त्यानेच काढायचा. ॲडमिनच्या हातात दोनच गोष्टी : विनवणी करणं, नाहीतर माणसालाच ग्रुपबाहेर काढणं. काका म्हणायचे, "समज किंवा फाशी. मधली शिक्षाच नाही. ही काय दंडसंहिता झाली?" त्यामुळे त्या काळातलं त्यांचं बरंचसं काम जिन्यावरून चाले. आणि त्या काळातलीच एक रात्र आहे, जिच्यामुळे मी त्यांच्या वहीला हसतो ते जरा जपून हसतो.

२०१८चा पावसाळा. मुलं पळवणारी टोळी फिरतेय अशा अफवा सगळीकडे चालल्या होत्या. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. मंगळवेढ्याकडचे, भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते ते. त्याच आठवड्यात, रात्री अकराच्या सुमारास, आमच्या ग्रुपवर फॉरवर्ड आला : चादरी विकणाऱ्या बायका दिसल्या तर सावध, मुलांना आत घ्या, आणि खाली ‘सर्वांपर्यंत पोचवा’. टाकणारे बी-४०३चे गृहस्थ टाकून झोपलेही. पाठवलेला मेसेज सगळ्यांच्या फोनवरून परत घ्यायला तेव्हा जेमतेम तासाभराची मुदत असे. काका लुंगीवर चार जिने चढून गेले आणि बेलवर बोट दाबून उभे राहिले. दार उघडल्यावर त्यांनी ना नियम सांगितला, ना म्हणणं विचारलं. "आत्ता काढा," एवढंच. "कारण उद्या देतो."

रोजनाम्यात ती नोंद आहे. ‘म्हणणे न ऐकता कारवाई केली. कारण : राईनपाडा.’ अख्ख्या वहीत म्हणणं न ऐकल्याची ती एकच.

दुसऱ्या दिवशी सकाळी चादरीवाल्या बायका खरंच गेटवर आल्या, दरवर्षी येतात तशा. काकांनी त्यांना वॉचमनच्या खुर्चीपाशी बसवलं, चहा मागवला, आणि दोन्ही विंगच्या गॅलऱ्यांतून दिसेल अशा बेताने अर्धा तास चादरींचा भाव करत बसले. घेतली एकच. काकू म्हणतात, घरात ती पाचवी झाली. त्याच महिन्यात एक मेसेज एका वेळी पाचच चॅटमध्ये पुढे ढकलता येईल अशी मर्यादा व्हॉट्सॲपने भारतात घातली. काकांनी ती बातमी कापून वहीत डकवली. शेरा : ‘उशिरा’.

त्या सुमाराला ॲडमिन मंडळींच्या मनात धास्तीही होती. ग्रुपवर कुणी काही वेडंवाकडं टाकलं की आधी ॲडमिनला उचलतात, असं जो तो सांगे. काका रात्री झोपण्यापूर्वी ग्रुप बघत आणि पहाटे उठल्यावर परत बघत. मग २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा निकाल बाहेर आला : दोघांचा समान हेतू नसेल तर सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल ॲडमिनला जबाबदार धरता येणार नाही. त्या दिवशी काकांनी दोन्ही विंगला कंदी पेढे वाटले. आम्हाला वाटलं, सुटलो, आता हे गृहस्थ जरा सैल होतील. पण पेढे वाटून झाल्यावर त्यांनी निकाल सबंध वाचला, आणि त्यात त्यांना असं आढळलं की, सदस्याला घेणं आणि काढणं यापलीकडे ॲडमिनला फारसा अधिकार नाही, मजकूर येण्याआधी तो तपासण्याची सोय त्याच्याकडे नाही, असं न्यायालय म्हणतंय. हे त्यांच्या मनाला लागलं. "फारसा अधिकार नाही," असं ते दोन दिवस स्वतःशीच पुटपुटत होते. पुढच्या वर्षी मेसेज काढायचा अधिकार आला तेव्हा आनंद राहिला बाजूला, त्यांना नवीनच काळजी लागली. "अधिकार वाढला. आता तो निकाल लागू राहतो का?" हा प्रश्न ते अजून भेटेल त्या वकिलाला विचारतात. वकील घड्याळ बघतात.

नवीन सोयी आल्या की काकांकडे नवीन प्रकरणं येतात. कुणी वारलं की पूर्वी ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ साठ-सत्तर वेळा यायची, आणि मध्येच कुणीतरी विचारायचं, ‘घंटागाडी गेली का?’ मेसेजवर चेहरे दाबायची सोय झाल्यावर काकांनी दुरुस्ती केली : पहिल्याने लिहावं, बाकीच्यांनी हात जोडलेलं चिन्ह दाबावं. सुटसुटीत. पुढच्याच निधनवार्तेवर, हात जोडलेल्या तीसेक चिन्हांमध्ये, एक चेहरा डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसत होता. ए विंगमधल्या तळमजल्यावरच्या आजोबांचा. ज्यांच्या घरी गेलं होतं त्यांचा भाचा तावातावानं खाली आला. काकांनी दोघांनाही खुर्ची दिली. मग टेलरची टेप मागवली. चिन्हांच्या रांगेत हसरा चेहरा तिसरा, रडका पाचवा, जोडलेले हात सहावे. आजोबांच्या अंगठ्याची रुंदी, पडद्यावरचं अंतर, मोतीबिंदूचं बाकी असलेलं ऑपरेशन, सगळं लिहून झालं. निकाल : ‘हेतू शाबीत होत नाही. संशयाचा फायदा देण्यात येतो.’ भाचा काही पूर्ण निवळला नाही. तेव्हा काकांनी वही मिटली आणि आजोबांना हाताला धरून त्या घरी घेऊन गेले. तिथे गेल्यावर आजोबांच्या चेहऱ्याबद्दल कुणाला शंका उरली नाही.

घरचं प्रकरण मात्र त्यांना फार जड गेलं. काकू दिवाळीत भाजणीच्या चकल्या आणि अनारसे करून देतात. अर्ध्या सोसायटीची दिवाळी त्यांच्या कढईतून निघते. एका वर्षी त्यांनी ग्रुपवर टाकलं, ‘ऑर्डर लवकर द्या.’ नियम सात. काकांनी ताबडतोब लिहिलं की सदर प्रकरणात आपला हितसंबंध असल्याने आपण बाजूला होत आहोत, आणि प्रकरण सहॲडमिनकडे वर्ग केलं. सहॲडमिन म्हणजे ए-१०२ मधली मुलगी, तेव्हा बारावीत. एकट्याकडे सत्ता असली की अपील कुणाकडे करायचं, म्हणून काकांनीच तिला नेमलेलं. तिने दोन ओळींत निकाल लावला : ‘नियम सगळ्यांना सारखा. पोस्ट काढली आहे, सॉरी काकू.’

काकू काहीच बोलल्या नाहीत. त्या रात्री ताटात मुगाची खिचडी आली. दुसऱ्या रात्रीही. तिसऱ्या रात्री खिचडीबरोबर पापड नव्हता. "कोर्टातून रिटायर झालात," काकू म्हणाल्या, "घरातून कधी होणार?" तिकडे चकल्या मिळणार नाहीत हे लक्षात आल्यावर सोसायटीत जो लोकक्षोभ उसळला, तो मेंटेनन्स वाढला तेव्हाही उसळला नव्हता. घरगुती जाहिरातींना रविवारी दहा ते बाराची सवलत द्यावी, असा दुरुस्तीचा अर्ज आला. मतदान ग्रुपवरच घ्या, सोपं आहे, असं मुलीने सुचवलं. काकांनी ते उघडून बघितलं, तर कुणी कशाला मत दिलं ते नावानिशी दिसत होतं. ते खवळले. "निर्णय कसा झाला ते सगळ्यांना दिसलं पाहिजे. मत कुणाचं कुठे गेलं ते दिसता कामा नये. यांनी बरोबर उलटं करून ठेवलंय!" शेवटी बिस्किटांच्या डब्यात चिठ्ठ्या पडल्या. सवलत मंजूर झाली. विरोधात एकच चिठ्ठी निघाली. ती कुणाची ते कुणाला कळलं नाही, आणि काकूंना विचारायचा धीर कुणाला झाला नाही.

शेजारच्या सोसायटीत असलं काही नाही. तिथल्या चेअरमनने एका भांडणानंतर ग्रुपला कुलूप घातलं. फक्त ॲडमिनच लिहू शकेल अशी सोय आहे ना, ती. तिथे आता शांतता आहे. शांतता म्हणजे अशी, की लोकांनी चेअरमनला वगळून दुसरा ग्रुप काढला, त्यात भाडेकरूंवरून फाटलं म्हणून ‘फक्त मालक’ असा तिसरा काढला, आणि आता पाणी कधी येणार हे चौथ्या ग्रुपवर आमच्याकडून कळतं. काका त्या कुलपाला ‘आणीबाणी’ म्हणतात आणि तिथल्या चेअरमनशी नमस्कारापुरतं बोलतात.

सगळ्यांत कसोटी लागली २०२४ मध्ये. आधी लोकसभा, मग विधानसभा, आणि सोसायटीत दोन्हीकडचे लोक. काका राजकीय व्हिडिओ काढत राहिले, आणि ‘आमचेच का काढता?’ हा आरोप येत राहिला. काकांनी महिन्याचा तक्ता प्रसिद्ध केला. पक्षांची नावं न घेता : बाजू अ, नऊ, बाजू ब, आठ. त्यांची समजूत अशी की आकडे बघून लोक शांत होतील. अ म्हणाले, बघा, आमच्यावर अन्याय, एक जास्त. ब म्हणाले, त्यांनी टाकले तीस, आम्ही टाकले दहा, हिशेब करा. काका रात्रभर हिशेब करत बसले आणि पुढच्या तक्त्यात ‘टाकलेले’ असा रकाना वाढला. त्यावर दोन्ही बाजूंनी प्रथमच एकमत होऊन आकडे खोटे असल्याचं जाहीर केलं. मग रोजनामा पार्किंगमध्ये टेबलावर उघडा ठेवण्यात आला, शेजारी पेन. दोन्ही बाजूंची माणसं येऊन मोजून गेली. ब बाजूचा एक मोजायचा राहिला होता, तो निघाला. काकांनी ग्रुपवर शुद्धिपत्रक काढलं.

बी-४०१चे साहेब मात्र ऐकेनात. पहिली समज, दुसरी समज, ‘कारणे दाखवा’ नोटीस. त्यांनी कारणं दाखवली नाहीत, आणखी एक व्हिडिओ दाखवला. सुनावणी झाली, साहेब आले, तासभर बोलले, आणि काकांनी एकदाही मध्ये तोंड घातलं नाही. मग हुकूम : सात दिवस ग्रुपबाहेर, आठव्या दिवशी सकाळी नऊला पुनर्प्रवेश. काढण्यापूर्वी काकांनी त्यांना फोन करून सांगितलं, "आता काढतोय बरं का." साहेबांनी फोन आपटला.

तिसऱ्या दिवशी कासची पाइपलाइन फुटली. ग्रुपवर निरोप आला, दोन दिवस पाणी नाही, आज रात्री भरून ठेवा. सगळे बादल्यांच्या मागे लागले. काका वहीतला कागद फाडून निरोप हातानं लिहीत बसले, खाली ‘खरी नक्कल’ असं लिहून सही केली, आणि चौथ्या मजल्यावर गेले. लिफ्ट नेमकी बंद. साहेबांनी दारातच विचारलं, "मला तर काढलंय ना तुम्ही?" काका धापा टाकत म्हणाले, "बोलण्याची शिक्षा आहे. पाण्याची नाही." त्यानंतरचे चार दिवस ग्रुपवर जे जे कामाचं आलं, लिफ्टवाला येणार, डासांचं औषध मारणार, ते ते सगळं नकलेच्या स्वरूपात चौथ्या मजल्यावर पोचलं. पाचव्या दिवशी साहेबांच्या मिसेसनी त्यांना चहा घेतल्याशिवाय सोडलं नाही. आठव्या दिवशी सकाळी नऊला, मी मुद्दाम घड्याळ बघत होतो, साहेब परत ग्रुपवर आले. त्यांनी पहिला मेसेज टाकला तो लिफ्टचा होता. दुसरा राजकीय होता. नियमाप्रमाणे काढला गेला, आणि मोजणी पुन्हा एकपासून सुरू झाली, कारण शिक्षा भोगलेल्या माणसाची पाटी कोरी धरायची असं निशाणी १९मध्ये ठरलेलं आहे.

सध्या ग्रुपवर मोदकांचं प्रकरण चालू आहे. गणपतीत उकडीच्या मोदकांची स्पर्धा होती, फोटो टाकायचे आणि तिघा परीक्षकांनी निवडायचे. पहिला नंबर आला ते मोदक अप्रतिम होते. एकेका मोदकाला एकवीस कळ्या, वर केशराची काडी, मागे समई. दुसऱ्या नंबरच्या वहिनींनी हरकत घेतली की हे मोदक एआयने केलेले आहेत, कारण समईची एक वात हवेत आहे. निशाणी ११२. पहिल्या नंबरच्या काकूंचं म्हणणं, मोदक माझेच, फक्त फोटो मुलाने ‘जरा उजळला’. मुलगा कॅलिफोर्नियातला तो. त्याचा जबाब रात्री घ्यायचा की सकाळी, यावर थोडा वेळ गेला. एआयच्या चित्रांबाबत बारावा नियम करावा असा मसुदाही फिरतोय; त्यावर हरकतींची मुदत महिनाअखेरपर्यंत आहे आणि ए-३०१च्या बाईंनी वेलांट्या तपासायला घेतल्या आहेत.

परवा अंतरिम हुकूम निघाला. छायाचित्रावरून वस्तुस्थितीचा बोध होत नसल्याने दोन्ही पक्षकारांनी येत्या गुरुवारी सायंकाळी सहा वाजता पार्किंगमध्ये मुद्देमाल प्रत्यक्ष हजर करावा, प्रत्येकी किमान अकरा नग, गरम. सहॲडमिन, आता इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला, पुण्याहून त्यासाठी येणार आहे. मला त्रयस्थ साक्षीदार म्हणून बोलावणं आलंय, आणि समन्सच्या खाली लाल पेनात शेरा आहे : येताना तूप आणावे.